वेतन आयोगाच्या तक्त्यात झाडूवाला कुठे?

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली आणि आपल्या कर्मचारी बांधवांचे हिशेब सुरू झाले. फिटमेंट किती, थकबाकी किती? हिशेब जरूर करावा. तो हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. पण आमचा एक सवाल आहे. आज सकाळी ज्याने कार्यालयाचा संडास धुतला, तो या हिशेबात कुठे आहे?

सातव्या आयोगात किमान मूळ वेतन १८,००० रुपये, कमाल २,५०,०००. म्हणजे एकास चौदा. पण तक्ता तक्त्यातल्याच माणसांना मोजतो! सहाव्या आयोगाच्या शिफारशींनुसार २००८ मध्ये 'गट ड' रद्द झाला. ऐकायला किती समतावादी! होते त्यांना गट क मिळाला, चांगलेच झाले. मात्र नव्या भरतीला दहावीची अट आली आणि झाडलोट ठेकेदाराकडे गेली. गट गेला, झाडू राहिला, आणि तोही आपल्याच वस्तीतल्या हातात. ना वेतनश्रेणी, ना महागाई भत्ता, ना आरक्षण.

पैसा नाही म्हणून हे झाले काय? २०१८ मध्ये केंद्राने बाहेरून सहसचिव घेण्याची जाहिरात काढली. तेही कंत्राटीच, तिथेही आरक्षण नाही. पण पगार मात्र सहसचिवाच्याच श्रेणीत, मूळ वेतन १,४४,२०० पासून पुढे. कंत्राट वर आले तर गुणवत्ता, खाली आले तर काटकसर! १९९१ पासून दिल्लीत पक्ष बदलले, खाउजा धोरण बदलले नाही.

संविधानाच्या कलम ३९(ड) मध्ये समान कामाला समान वेतन आहे. २०१६ मध्ये जगजितसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते तत्त्व तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही लागू केले. मग पळवाट कोणती? 'तू आमचा नोकरच नाहीस, ठेकेदाराचा आहेस.' मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी ही पळवाट वर्षानुवर्षे लढून मोडली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. तेही आपल्या युनियनच्या बळावर.

त्या लढ्यात कायम नोकरीतले आपण किती जण उभे होतो? (आम्ही स्वतःलाही विचारतो आहोत.) आपल्या संघटना आयोगाला निवेदन देतील, तेव्हा फिटमेंटच्या आधी पहिली मागणी लिहावी: प्रत्येक सरकारी कार्यालयात ठेक्यावर किती माणसे राबतात, कोणत्या जातीची, किती पगारावर, याची मोजणी करा आणि तो आकडा वेतनाच्या तक्त्याशेजारी छापा.