नोंदवहीत नाहीत, रक्तात आहेत



6 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की देशातल्या कोरोना रुग्णांपैकी 76 टक्के पुरुष आणि 24 टक्के स्त्रिया आहेत. हा आजार बायकांना कमी होतो, असा अर्थ अनेकांनी परस्पर काढला. वस्तीत काम करणाऱ्यांना तो तेव्हाच पटेना. दापोडीत नदीकाठच्या पत्र्याच्या एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात. तिथे नवऱ्याला ताप येतो, दिराला येतो, आणि त्यांचे अंथरूण धुणारी, त्यांना भरवणारी तेवढी सुटते, हे कसे?

उत्तर पुढे रक्तातून मिळाले. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी लढण्यासाठी प्रतिपिंडे तयार करते आणि आजार गेल्यावरही ती काही महिने रक्तात सापडतात. कोरोनाच्या कुळातले चार जुने विषाणू साध्या सर्दी-पडशाचे आहेत. त्यांची प्रतिपिंडे बहुतेक मोठ्या माणसांत असतातच, लहानपणीच संसर्ग होऊन गेलेला असतो. त्यांची कधी कुणी गणती मागितली नाही. नव्या विषाणूची मात्र करावी लागली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून 2020 मध्ये 70 जिल्ह्यांत पहिली पाहणी केली. तिची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तयार केली होती. महाराष्ट्रातले सहा जिल्हे निवडले गेले: बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि तेव्हाचे अहमदनगर. दापोडी, कासारवाडी, भोसरीच्या चाळींतल्या बायकांना माहेर-सासर विचारा, यातली दोन-तीन नावे हमखास निघतील. टाळेबंदीत कारखाने थांबले तेव्हा याच जिल्ह्यांकडे माणसे निघाली. गावाच्या वेशीवर त्यांना रोग आणणारे म्हणून अडवले गेले, आणि पोराबाळांसह शाळेच्या खोलीत राहिलेल्या बायकांनी तिथेही चूल मांडलीच.

त्या पहिल्या पाहणीत देशभरातल्या प्रौढांत प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. ऑगस्ट-सप्टेंबर 2020 मध्ये ग्रामीण भागात ते 4.4 टक्के आणि शहरी झोपडपट्ट्यांत 15.6 टक्के आढळले. जून-जुलै 2021 मध्ये ग्रामीण भाग 66.7 टक्क्यांवर पोचला, शहर 69.6 वर. म्हणजे वर्षभरात गाव आणि शहर यांतले अंतर जवळपास मिटले. यात लसीमुळे आलेली प्रतिपिंडेही आहेत, पण लस न घेतलेल्यांतही प्रमाण 62 टक्क्यांच्या पुढे होते. गावात कोरोना नाही असे जे म्हटले जात होते, त्याचा खरा अर्थ गावात तपासणी नाही एवढाच होता.

आता बायकांकडे येऊ. पहिल्या फेरीत पुरुषांत प्रमाण थोडे जास्त होते, कारण टाळेबंदीत बाहेर पडत होते ते बहुतेक तेच. चौथ्या फेरीत स्त्रिया 69.2 टक्के, पुरुष 65.8. मुंबईत जुलै 2020 च्या पाहणीतही स्त्रिया किंचित पुढेच होत्या. त्याच सुमारास पुण्यात सामायिक संडास वापरणाऱ्यांत 62 टक्के आणि घरात स्वतंत्र संडास असलेल्यांत 45 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला दिसला. नळ आणि संडास यांच्या रांगेत कोण किती वेळ उभे असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पुरुषांमध्ये आजार जास्त तीव्र होतो, हे खरे आहे, आणि नोंदीतली काही तफावत त्यामुळे आहे. पण सगळी नाही. दापोडीतल्या बायका तपासणीला का जात नव्हत्या? धुणीभांड्याचे काम सुटेल म्हणून, आणि विलगीकरणात नेले तर मुलांना कोण बघेल म्हणून. अंगावर काढणे ही काही बायकांची सहनशक्ती नव्हे. त्यांच्यापुढे दुसरी सोयच ठेवलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट. चौथी पाहणी चालू होती, त्याच जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या. घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या, प्राणवायूची पातळी बघणाऱ्या याच बायका. त्याच पाहणीत आरोग्य कर्मचाऱ्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण 85 टक्के आढळले. आशांच्या पदरात पडली दीड हजार रुपयांची वाढ. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. सरकारी कर्मचारी म्हणून त्या आजही मोजल्या जात नाहीत.

पुढची साथ येण्याची वाट बघायची गरज नाही. क्षयाच्या, डेंगीच्या, साध्या तापाच्या तपासण्या रोज होत आहेत. प्रत्येक गटाने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा पालिकेच्या दवाखान्याकडे गेल्या वर्षीच्या तपासण्यांचे आकडे स्त्री-पुरुष असे वेगवेगळे मागावेत. तोंडी मागून मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा, त्याला 10 रुपये लागतात. आलेले आकडे आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात एकत्र छापू.