भीड किनाऱ्यावर ठेवा

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत कुणीतरी विषय काढला. "दरवर्षी तेच ते बार्बेक्यू आणि तीच ती लेक डिस्ट्रिक्टची सहल. या वेळी काहीतरी वेगळं करू या. स्कापा फ्लोला जाऊ, समुद्राच्या तळाची जर्मन जहाजं बघायला!" मसालेभाताचा दुसरा वाढप होईपर्यंत बेत ठरला, रात्री ग्रुपवर निरोप गेला आणि सकाळपर्यंत त्याखाली बारा अंगठे उमटले.

मंडळी, पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ वेगळा असतो. 'सगळं ठीक' सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय, डाइव्ह संपली'. तो कुणीही, कधीही दाखवावा. समोरच्याने कारण विचारायचं नसतं, आग्रह करायचा नसतं, नंतर बोटीवर टोमणाही मारायचा नसतो. बारा जणांनी होकार म्हणून पाठवलेला तो अंगठा उद्या नकार म्हणून वर करायची किती जणांची तयारी आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. संपादकांनी माझ्याकडे प्रवासवर्णन मागितलं होतं. ते सहल झाल्यावर लिहीन. आधी भांडण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. स्कापा फ्लो हा स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांनी वेढलेला समुद्राचा तुकडा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची ७४ जहाजं इथे अडकवून ठेवली होती. ती ब्रिटिशांच्या हाती पडू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी अॅडमिरल फॉन रॉयटरने आपलंच आरमार बुडवायचा हुकूम दिला आणि एका दिवसात ५२ जहाजं तळाशी गेली. पुढे भंगारासाठी बहुतेक वर काढली गेली. मोठी सात उरली : क्योनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म आणि मार्कग्राफ या तीन युद्धनौका, आणि ब्रुमर, क्योल्न, ड्रेस्डेन, कार्ल्सरुह या चार क्रूझर. २००१ पासून ती संरक्षित आहेत. पाहायचं, पण खिळासुद्धा उचलायचा नाही. ज्याला डायव्हिंगचं वेड आहे त्याच्यासाठी ही पंढरीच, आणि मी तिथे जाऊ नका असं म्हणत नाहीये. ज्या पद्धतीने आपण निघालो आहोत त्या पद्धतीने जाऊ नका, असं म्हणतोय.

आपली पद्धत कोणती? सहल म्हणजे आधी डोकी मोजायची. डोकी भरली की माणशी खर्च कमी. आमच्या खजिनदार काकांचं गणित चोख आहे. तिथली डायव्हिंगची बोट सहसा अख्खी भाड्याने घ्यावी लागते, आणि अशा लहान बोटींना या देशात १२ पेक्षा जास्त प्रवासी नेता येत नाहीत. म्हणून बारा हवेत. नऊच झाले तर तीन जागांचे पैसे बाकीच्यांच्या डोक्यावर. मग उरलेले तीन शोधायला फोन सुरू होतात. "अरे, तू तारकर्लीला केलं होतंस ना? मग झालं तर!"

तारकर्लीला केलं होतं, हे खरं. मीही केलंय आणि मजा आली. २८ अंशांच्या आसपासचं पाणी, काही मीटर खोली, आणि शेवटपर्यंत आपल्याला धरून असलेला प्रशिक्षक. स्कापामध्ये मे महिन्यात पाणी ८-९ अंश असतं, ऑगस्टअखेर जेमतेम १३. सातांपैकी सगळ्यात उथळ कार्ल्सरुह २६ मीटरवर आहे, बाकीच्या साधारण ३५ ते ४५ मीटरवर. सुट्टीत चार दिवसांत मिळणारं पहिलं प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचं असतं. "गाइड असेलच की बरोबर" हेही ऐकलं. सहसा नसतो. स्किपर तुम्हाला जहाजाच्या दोरापाशी नेऊन सोडतो, पाण्यात तुम्ही आणि तुमचा बडी.

थंड पाण्याबद्दल आपला एक गोड गैरसमज आहे, की ते म्हणजे नुसतं थंड असतं, दात वाजतील, वर आलं की चहा घेऊ. पाणी शरीरातली ऊष्णता हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने ओढून घेतं. म्हणून ड्रायसूट घालायचा, आणि ड्रायसूट म्हणजे रेनकोट नव्हे. त्याच्या आत हवा असते. वर येताना ती फुगते, आणि वेळेवर सोडली नाही तर तुम्हाला बुचासारखं वर फेकते. ती पायांकडे गेली तर पाय वर, डोकं खाली. हे हाताळायला शिकावं लागतं आणि शिकल्यावर घोटावं लागतं. रेग्युलेटरचंही तसंच. दाबाखालची हवा प्रसरण पावताना थंड होते. बाहेरचं पाणीही थंड असेल तर आत बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि बाटली डोळ्यांदेखत रिकामी व्हायला लागते. थंड पाण्याच्या चाचणीत न उतरलेल्या रेग्युलेटरवर '१० अंशांपेक्षा जास्त' अशी खूण असते. आपल्या बारांपैकी किती जणांनी ती बघितली आहे? मी ग्रुपवर विचारलं होतं. उत्तरादाखल दोन हसरे चेहरे आणि एक गणपती आला.

आता जरा हिशेब, कारण आपल्या मंडळात हिशेबाला मान आहे. शांत माणूस वर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असं धरा. ३६ मीटरवर दाब ४.६ पट, म्हणजे मिनिटाला ९२ लिटर. १२ लिटरची बाटली २३२ बारला भरली तर सुमारे २७८० लिटर. म्हणजे अर्धा तास, तोही बाटली पार कोरडी होईपर्यंत. घाबरलेला माणूस सहज दुप्पट हवा ओढतो. राहिली पंधरा मिनिटं. त्यातच वर यायचं, आणि बडीसाठी हवा राखायची तीही त्यातूनच. शिवाय त्या खोलीवर दहाएक मिनिटांपेक्षा जास्त थांबलात तर सरळ वर येता येत नाही. शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबे घ्यावे लागतात, त्याच थंडीत, बधिर बोटांनी. 'गारठलो, निघतो' म्हणायची एक वेळ असते. ती टळली की निघणंच मुळी तुमच्या हातात नसतं.

म्हणूनच माझा मुद्दा यंत्रांचा नाही. यंत्रं भाड्याने मिळतात. माझा मुद्दा भिडेचा आहे.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही चौघं पाण्याने भरलेल्या एका जुन्या खाणीत सरावाला गेलो होतो. पाणी ५ अंश. चौघांतल्या एका मित्राचा ड्रायसूट नवा होता, रात्री झोप झाली नव्हती. काठावर त्याने दोनदा झिप तपासली, तिसऱ्यांदा तपासली. मी पाहिलं आणि म्हटलं, "ठीक ना रे?" ज्या सुरात त्याचं उत्तर 'हो'च असतं त्या सुरात. तो 'हो' म्हणाला. १८ मीटरवर त्याच्या रेग्युलेटरने दगा दिला. चेहऱ्यासमोर नुसते बुडबुडे, त्याला काही दिसेना, आणि शिकलेलं सगळं त्या क्षणी डोक्यातून पुसलं गेलं. माझा दुसरा रेग्युलेटर त्याच्या तोंडात गेला, आम्ही एकमेकांचे पट्टे धरून वर आलो. बाकी काही झालं नाही. गाडीत हीटर लावून, त्याच्या बायकोने आम्हा सगळ्यांसाठी दिलेली थालीपिठं खाताना तो म्हणाला, "सकाळपासूनच नको वाटत होतं रे. पण तू पहाटे पाचला निघून आलेलास. कसं म्हणणार?"

तो उगाच भिडला, असं मी बरेच दिवस सांगत फिरलो. खरं तर भीड मी घातली होती. मी त्याला नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

आपण वाढतानाच हे शिकतो. "अजून एक पुरणपोळी घ्याच" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. निघालेल्या मंडळींना खोळंबवायचं नसतं. पंगतीत हे शोभून दिसतं. ३६ मीटरवर मात्र हीच सवय माणूस मारते. आणि सहल मंडळाची, नावं सगळ्यांना माहीत, बायकामुलं धक्क्यावर टाटा करायला उभी, वर अकराशे किलोमीटर गाडी हाकून आणि स्क्रॅब्स्टरहून दीड तास फेरीत डोलून आपण तिथे पोचलेले. अशा वेळी सकाळी उठून "आज मी नाही उतरत" म्हणायला केवढी छाती लागेल! उतरायला त्याहून कमी लागते.

त्यात परत न मिळणारे पैसे. अनामत भरली की ती 'वसूल' करायची आपली जिद्द सर्वांना ठाऊक आहे. खजिनदार काका, तुमच्यावर माझा राग नाही, पण 'माघार घेतल्यास रक्कम परत मिळणार नाही' ही तुमची ओळ त्या सगळ्या थंड पाण्यापेक्षा धोकादायक आहे.

"म्हणजे तुम्हा चार तज्ज्ञांचीच सहल होय?" असं एका ताईंनी सुनावलं. ताई, मुळीच नाही. ऑर्कनीला सगळ्यांनी यावं. लायनेसचं संग्रहालय आहे, इटालियन युद्धकैद्यांनी पत्र्याच्या झोपडीत उभारलेलं चॅपल आहे, पाच हजार वर्षांपूर्वीचं स्कारा ब्रे आहे. मुलांना वीस वर्षं आठवेल असा आठवडा होईल. बोटीवर मात्र तेवढेच जण असावेत ज्यांनी या हिवाळ्यात आणि वसंतात खाणीत जाऊन, ड्रायसूटमध्ये, ज्या बडीबरोबर उतरायचं त्याच्याचबरोबर, पुरेशा डाइव्ह केल्या आहेत. पाच असतील तर पाच. पहिला दिवस कार्ल्सरुहवर, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त गारठलेल्या माणसाला विचारून दुसऱ्या दिवसाचा बेत. मार्कग्राफ यंदा राहिली तर राहिली. ती १९१९ पासून तिथेच आहे.

आणखी एक सूचना ग्रुपवर आली होती, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'रॉयल ओक' पण 'करू या' म्हणून. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडीने ती ब्रिटिश युद्धनौका याच स्कापा फ्लोमध्ये बुडवली आणि ८०० हून अधिक माणसं गेली. ते युद्धस्मशान आहे, तिथे आपल्याला उतरायला कायद्याने बंदी आहे. १९१७ मध्ये स्फोटाने फुटलेल्या 'व्हॅनगार्ड'वरही तशीच. कायदा बाजूला ठेवू. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. तिच्यावर कुणी परदेशी हौशी मंडळ कॅमेरे घेऊन 'करायला' उतरलं, तर आपल्याला कसं वाटेल? रॉयल ओकची घंटा कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथेड्रलमध्ये आहे. तिच्यासमोर दोन मिनिटं उभं राहू.

जानेवारीच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. या सहलीतून कुणीही, अगदी धक्क्यावरून सुद्धा, कारण न देता माघार घेतली तर त्याचे बोटीचे पैसे पूर्ण परत मिळावेत, आणि तो खर्च मंडळाच्या साहस निधीतून व्हावा. रिकाम्या जागा भरण्यासाठी कुणालाही फोन करू नये. शेवटच्या डाइव्हनंतर पुरा एक दिवस कुणाचंही विमान नसावं, सोमवारी कितीही महत्त्वाची मीटिंग असो. कमिटीतल्या काहींना हा ठराव मंडळाला परवडणारा वाटत नाही. त्यांनी सभेत तसं उभं राहून सांगावं, मी आकडे घेऊन येतोय.

ठरावाला अनुमोदक हवा आहे. पोहता येत नसलं तरी चालेल.