उद्योग नसलेले बंदर

वाढवण बंदराला स्थानिकांचा विरोध आहे, एवढे नांदेड-लातूरच्या वाचकाला बातम्यांतून ठाऊक असते. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणाही कानावरून गेलेली असते. पण पालघर जिल्ह्यातल्या ज्या डहाणू तालुक्यात हे बंदर १९९८ साली नियमबाह्य ठरले, त्याच तालुक्यात ते २०२३ साली नियमात कसे बसले, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. एकीकडे औद्योगिक वसाहती मागणाऱ्या आणि दुसरीकडे उरलेसुरले गायरान राखू पाहणाऱ्या मराठवाड्याने ते समजून घेतलेले बरे.

डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, भातशेती, वारली पाडे आणि मासेमारीची गावे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस येथे ५०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प मंजूर झाला. रहिवासी आणि बागायतदार न्यायालयात गेले. प्रकल्प थांबला नाही, पण त्या धडपडीतून दुसरे काही हाती लागले. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण तालुका ‘पर्यावरणदृष्ट्या नाजूक’ म्हणून घोषित केला. उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन ठरली. प्रदूषणानुसार उद्योगांची हिरवी, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी झाली आणि लाल गटातल्या उद्योगांना तालुक्यात मज्जाव झाला.

अधिसूचना पाळली जाते की नाही हे पाहायला कोणीतरी लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालात त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा नेमण्याचा आदेश दिला. त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभे राहिले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. हे प्राधिकरण शोभेचे नव्हते. वीज प्रकल्पाच्या धुरातला गंधकवायू शोषून घेणारी ‘एफजीडी’ यंत्रणा त्याने पाठपुरावा करून बसवून घेतली. १९९८ मध्ये पी अँड ओ या परदेशी कंपनीचा वाढवण बंदराचा प्रस्ताव आला, तेव्हा असे बंदर या अधिसूचनेत बसत नाही, असे प्राधिकरणाने स्पष्ट सांगितले आणि कंपनी परत गेली.

पुढे हाच प्रस्ताव जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या भागीदारीतून परत आला. निर्णायक बदल झाला तो २०२० साली. त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरे, जेट्टी आणि गाळ उपसण्याची कामे ‘औद्योगिकेतर’ गटात टाकली. जूनमध्ये पर्यावरण मंत्रालयाने कार्यालयीन पत्र काढून याच दिशेने खुलासा केला. बंदर हा उद्योगच नसेल, तर उद्योगांवरची बंदी त्याला लागू होत नाही. समुद्र तोच, गावे तीच, भरावाची कल्पनाही तीच. बदलला तो रकाना. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने अटींसह मंजुरी दिली. त्या मंजुरीविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

सरकारची बाजू पोकळ नाही. इथे किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर खोली मिळते, त्यामुळे जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थेट लागू शकतील. बंदर समुद्रात भराव टाकून होणार असल्याने त्यासाठी गाव उठवावे लागणार नाही, हा युक्तिवादही आहे; रस्ता आणि रेल्वेसाठी मात्र जमीन लागणारच आहे.

पण भराव किती, तर सुमारे १,४४८ हेक्टर. त्यासाठीची वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून उपसायची आहे. वाढवणचा खडकाळ किनारा ओहोटीला लांबवर उघडा पडतो. बायका त्यावर कालवे आणि खेकडे वेचतात, पलीकडच्या पाण्यात पुरुषांची जाळी असतात. माशांची पिल्ले अशाच उथळ, खडकाळ पाण्यात वाढतात. त्यावर भराव पडला आणि दहा किलोमीटरच्या लाटरोधक भिंतीने प्रवाह वळवले, की गाळ कुठे साचेल आणि मासा कुठे जाईल याचा हिशेब सातबाऱ्यावर निघत नाही. मच्छीमाराच्या नावावर समुद्र नसतो. भूसंपादन नाही म्हणजे नुकसान नाही, हे गणित म्हणूनच त्याला पटत नाही.

आता आपल्याकडे. लातूर जिल्ह्यात जंगलाखालची जमीन एक टक्क्याच्याही आत आहे. नांदेडचे बरेचसे जंगल किनवट-माहूरकडे एकवटले आहे. पैनगंगा अभयारण्याचा काही भाग याच जिल्ह्यात येतो. इतरत्र मोकळी जमीन म्हणजे बहुधा गायरान, आणि वसाहत वाढवायची म्हटली की नजर आधी तिकडेच जाते. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. मात्र औद्योगिक वसाहतीला एकत्रित पर्यावरण मंजुरी मिळालेली असली, की आतल्या कारखान्याला वेगळी सुनावणी सहसा लागत नाही. म्हणजे बोलण्याची संधी वसाहतीच्या टप्प्यावरच असते. कारखाना आल्यावर, वास सुटल्यावर, विहिरीचे पाणी बदलल्यावर नव्हे.

बंदर हवे की नको, यावर समंजस माणसांत मतभेद असू शकतात. ते ज्या पद्धतीने मंजूर झाले, ती मात्र आमच्या मते समर्थनीय नाही. नाजूक म्हणून जाहीर केलेल्या तालुक्याचे संरक्षण कमी करायचेच असेल, तर सरकारने १९९१ ची अधिसूचना उघडपणे बदलायला घ्यावी, तिचा मसुदा लोकांपुढे ठेवावा आणि हरकती ऐकाव्यात. देशभरासाठीच्या वर्गवारीत फेरफार करून तेच साधणे म्हणजे लोकांना बोलायची जागाच न ठेवणे.

आपल्या गावाजवळच्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची जाहिरात वृत्तपत्रात आली, तर हरकतीसाठी किमान तीस दिवस मिळतात. प्रकल्पाच्या पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला ठेवणे बंधनकारक आहे. तो मागून घ्या, वाचा आणि हरकत लेखी द्या.