टक्क्यांवरून ठरवलेली कुवत

चोपडा तालुक्यातील शिक्षकवर्गात उत्तरपत्रिका तपासून झाल्या की एक मत हटकून मांडले जाते, आणि ते आता इतके रूढ झाले आहे की त्याचे खंडन करणे भाग आहे. या मतानुसार आजच्या विद्यार्थ्यांत कष्टाची तयारी नाही, २०२३ पर्यंत सरसकट आठवीपर्यंत असलेल्या ढकलपासामुळे, म्हणजे इयत्तेपुरते न आलेल्यालाही वरच्या वर्गात बसवण्याच्या रीतीमुळे, परीक्षेचा धाक उरलेला नाही, मोबाइलने वाचन बुडवले आहे, आणि चार जण नापास झाल्याशिवाय बाकीचे वठणीवर येणार नाहीत. दोषांच्या या यादीत शिकवणाऱ्याचे नाव कोठेही येत नाही.

निकाल म्हणजेच कुवत, या गृहीतावर हे सारे मत उभे आहे. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के, २०१९ साली ७७.१० टक्के आणि २०२० साली ९५.३० टक्के लागला. एका वर्षात विद्यार्थ्यांची बुद्धी आटली आणि पुढच्याच वर्षी दुथडी भरून वाहू लागली, असे या मताच्या पुरस्कर्त्यांना म्हणावे लागेल. प्रत्यक्षात २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी परीक्षा, स्वाध्याय यांसाठी शाळेच्या हाती असलेले, २० गुण काढून घेतले गेले होते. पुढच्या वर्षी ते परत आले, शिवाय टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने मिळाले. मोजपट्टी बदलली की माप बदलते, एवढेच यातून दिसते. त्यातही ते २० गुण कोण देतो, हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तीर्ण होण्यास लेखी व अंतर्गत मिळून ३५ गुण लागत असल्याने अंतर्गत १८ मिळालेल्यास ८० पैकी १७ पुरतात. जो शिक्षक असे १८ गुण स्वतःच्या सहीने देतो आणि त्याच विद्यार्थ्याला काहीच येत नाही म्हणतो, त्याची सही तरी खोटी आहे किंवा तक्रार तरी.

ढकलपासाचा वाद जुनाच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू होण्यापूर्वी नापास होणारी मुले अभ्यासू झाली नव्हती, त्यांतील कितीतरी कापूस वेचायला गेली आणि हजेरीपटावरून उतरली, म्हणून ती कोणाच्या तक्रारीत आली नाहीत. त्याच कायद्याने नापास न करण्याच्या जोडीला सातत्यपूर्ण मूल्यमापन, म्हणजे वर्षभर चुका पाहून शिकवणे, सांगितले होते. पहिला भाग पाळला गेला आणि दुसऱ्याचे तक्ते भरले गेले. मोबाइल तर शिक्षकांच्याही हाती आहे.

भाषेचा मुद्दा मात्र या मताला सुचतच नाही. अडावद, लासूर, धानोरा येथे घरी अहिराणी, गुजरी किंवा लेवा बोली, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वैजापूरकडील पाड्यांवर पावरी बोलणारे मूल प्रश्नपत्रिकेतील ‘सकारण स्पष्ट करा’ हे वाक्य आधी मनात उलथवून घेते आणि मग उत्तराकडे वळते. अहिराणीत ‘माझा’ म्हणजे ‘मना’. तो शब्द निबंधात उतरला की लाल शाईची रेघ पडते, पण मुलाला आपले काय चुकले हे कोणी सांगत नाही.

करण्याजोगे काम अवघड नाही. घटक चाचणीची, म्हणजे एका धड्यापुरत्या छोट्या परीक्षेची, तपासलेली उत्तरपत्रिका आठवड्याच्या आत मुलाच्या हाती परत द्यावी. चुकलेले उत्तर त्याला आधी घरच्या बोलीत सांगू द्यावे, कारण त्यावरून विषय समजलेला नाही की केवळ प्रमाण मराठी आडवी आली हे कळते, आणि मग तेच त्याच्याकडून प्रमाण मराठीत लिहून घ्यावे. हे दिवाळीपूर्वी व्हावे, कारण दिवाळीनंतर कापूस वेचणीला हात लागतात आणि अनेक बाके रिकामी असतात.