'डॉक्टर संपावर गेले तर…' या निबंधाचं काय करायचं?



कल्पनाप्रधान निबंधांची आपली यादी तुम्हालाही तोंडपाठ असेल. सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर, वृत्तपत्रे बंद पडली तर. त्यातलाच एक ठरलेला विषय म्हणजे 'डॉक्टर संपावर गेले तर'. परवा नववीला तो दिला. सवयीप्रमाणे फळ्यावर मुद्दे लिहून दिले: रुग्णांचे हाल, डॉक्टर म्हणजे देव, पैशापेक्षा सेवा मोठी. वह्या तपासायला घेतल्या तर जवळजवळ प्रत्येकीत तेच. 'डॉक्टरांनी पैशाचा लोभ सोडून सेवा करावी' हे वाक्य तर इतक्या वेळा आलं की मी शेवटी न वाचताच बरोबरची खूण करत सुटलो.

एका वहीत मात्र वेगळं होतं. त्या मुलाची मोठी बहीण डॉक्टरकीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. त्यानं लिहिलं होतं, 'माझ्या ताईला कोणी देव म्हटलं की ती म्हणते, देवाला मेसचं बिल येत नाही.' मुद्दे सोडून लिहिलं म्हणून मी 10 पैकी 5 दिले. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. मुद्दे फळ्यावर लिहून देणारा तर मीच होतो.

आपण पाचोऱ्याचे, धुळं आपल्याला लांब नाही. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काय झालं ते आठवा. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण रात्री आला. तिथे मेंदूचा शल्यचिकित्सक नव्हता, म्हणून ड्युटीवरच्या तरुण निवासी डॉक्टरनं रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितलं. नातेवाइकांच्या जमावानं त्याला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. आता बघा, ते पद भरणं त्या पोराच्या हातात होतं का? पण समोर तो होता, म्हणून मार त्यानं खाल्ला. रिकाम्या खुर्चीला कोण मारणार?

त्यानंतर राज्यभरातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री गिरीश महाजन, म्हणजे आपल्या शेजारच्या जामनेरचेच. कामावर या, नाहीतर सहा महिन्यांचा पगार कापू, असा इशारा त्यांनी दिला. मुंबई उच्च न्यायालयानंही डॉक्टरांना सुनावलं, कारखान्यातल्या कामगारांसारखं वागू नका, भीती वाटत असेल तर राजीनामे द्या. आणि त्याच आठवड्यात सरकारनं रुग्णालयांसाठी 1,100 सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्याकडे 2010 पासून आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. कायद्याला सात वर्षं होऊन गेली होती, पहारेकरी संपानंतर मिळाले.

त्या संपात पगाराची मागणी मुख्य नव्हती. तरी आपल्या पारावर, चहाच्या टपरीवर आणि (खोटं कशाला बोलू) आपल्या स्टाफरूममध्येही चर्चा पगाराचीच होती. "यासले काय कमी शे?" हे मी स्वतः ऐकलंय. डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंगला, गाडी आणि फीचा बोर्ड येतो. संप करणारा बहुतेक वेळा तो नसतोच. तो असतो हॉस्टेलच्या एका खोलीत तिघा-चौघांत राहणारा पंचविशीतला निवासी डॉक्टर, नाहीतर इंटर्न. 1992 च्या केंद्राच्या निवासी योजनेत सलग काम साधारण 12 तासांच्या वर नसावं असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात 24, कधी 36 तासांची ड्युटी लागते.

आणि पगाराचंही बोलूच. जून 2018 मध्ये राज्यातल्या इंटर्न डॉक्टरांनी संप केला तेव्हा त्यांचं विद्यावेतन महिन्याला 6 हजार होतं. दिवसाला 200 रुपये. त्या काळात आपला प्राथमिकचा शिक्षणसेवक किती मानधनावर होता? 6 हजारच! ते 16 हजार व्हायला 2023 उजाडलं. इंटर्नचं 11 हजार झालं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये 18 हजार. ते कसं झालं? मार्डनं आधी आश्वासनावर विश्वास ठेवून संप पुढे ढकलला होता. काहीच हललं नाही. 22 फेब्रुवारीला संप सुरू झाला आणि दोन-चार दिवसांत मंत्रिमंडळानं निवासी डॉक्टरांना 10 हजारांची वाढ मंजूर केली. म्हणजे पैसा नव्हता असं नाही. मागणीकडे बघायला सरकारला वेळ नव्हता.

आता आपल्याकडे वळतो. 14 ते 20 मार्च 2023, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. आपण रस्त्यावर होतो. मीही होतो, टोपी घालून. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. तेव्हा पालक काय म्हणत होते? 'एवढा पगार घेऊन अजून काय पाहिजे यांना.' मला ते फार लागलं होतं. शेजारचे एक आबा शेतकरी आहेत, त्यांना मी अर्धा तास पेन्शनचं गणित समजावत बसलो. पुढच्या वर्षी कोलकात्याच्या घटनेनंतर ऑगस्टमध्ये डॉक्टरांचा देशभर संप झाला आणि मी त्याच आबांसमोर म्हणालो, "डॉक्टरांनी असं करायला नको." ते हसले. "सर, तुम्ही बी ते संपवर व्हतात ना?" मला उत्तर सुचलं नाही. आपल्या हेतूबद्दल शंका घेतली की आपल्याला राग येतो, आणि दुसऱ्याचा हेतू आपण चहा संपायच्या आत ठरवून मोकळे होतो.

फरक आहे, हे मला मान्य आहे. आपण आठवडाभर शिकवलं नाही तर धडा मागे पडतो. डॉक्टर नसला तर माणूस जातो. अशाच एका संपात माझ्या आईचं ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. रुग्णालयाचं नाव इथे घेत नाही. रात्री दुखणं वाढलं की ती उशी पोटाशी धरून बसायची आणि मी बाहेर ओट्यावर येऊन डॉक्टरांना शिव्या द्यायचो. तो रागही खोटा नव्हता. खासगीत जायची ऐपत असलेले गेले, रांगेत राहिले ते आमच्यासारखे आणि आमच्याहून गरीब. सरकारी दवाखान्यातल्या संपाची झळ मंत्र्याच्या घरापर्यंत जात नाही, हेच तर दुखणं आहे. म्हणून अपघात विभाग, बाळंतपण, अतिदक्षता हे सुरू ठेवलेच पाहिजेत, आणि ते बंद ठेवणाऱ्या संपाची बाजू मी घेणार नाही, मागणी कितीही रास्त असो.

पण पगार मागितला म्हणून हेतू वाईट, हे मी आता म्हणणार नाही. उलट डॉक्टरांच्या संघटनांना एक सांगावंसं वाटतं. पैसे पाहिजे असतील तर पैसे पाहिजेत असंच म्हणा. दरवेळी 'रुग्णहितासाठी' हा शब्द पुढे केला की लोकांना वास येतो. आम्हीही 'विद्यार्थीहितासाठी' म्हणायचो, कोणी विश्वास ठेवला नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही. ठीक. मग ज्याला संप करायचा नाही त्याचं म्हणणं किती दिवसांत ऐकायचं, तेही कोणीतरी ठरवून द्यायला हवं.

पालकांनो, घरी जेवताना मुलांसमोर डॉक्टरांच्या संपावर बोलाल, तेव्हा मागणी नेमकी काय आहे ते आधी पेपरात बघून घ्या. सुरक्षा मागतायत, हॉस्टेल मागतायत, की थकलेलं विद्यावेतन? मुलं आपलं ऐकूनच निबंध लिहितात.

त्या मुलाची वही मी परत मागवून घेतली आणि गुण बदलले. पुढच्या सोमवारी वर्गाला हाच विषय पुन्हा देणार आहे. फळ्यावर फक्त शीर्षक लिहीन.