रेल्वेचं मॉडेल खाली वाकून बघा



विज्ञान प्रदर्शनात रेल्वेचं मॉडेल आलं की आपण काय बघतो? डोंगर, बोगदा, थर्माकोलचं स्टेशन. गुणही त्यालाच देतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. मग एकदा आमच्या गटाची दुमजली गाडी परीक्षकांसमोर वरच्या मजल्यावर जाऊन थांबली. खाली मस्त पळत होती, चढावर दमली आणि वर पोचून गप्प! वायरिंग करणारी मुलगी म्हणाली, "सर, वायर बारीक आहे." तिचं कुणी ऐकलं नाही. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले होते.

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि तिला ते नववीच्या 'धाराविद्युत' धड्यातून कळलं होतं. हिशोब तुम्हीही करून बघा. 0.1 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण 0.17 ओहम. दूरच्या रुळापर्यंत 10 मीटर जायला, 10 मीटर यायला. म्हणजे 20 मीटर, 3.4 ओहम. इंजिनाने 1 अँपिअर घेतला तर 12 पैकी 3.4 व्होल्ट वाटेतच संपले. तीच तार 1.5 चौरस मिलिमीटरची, घराच्या लाईट फिटिंगला वापरतात तशी घेतली, तर तूट पाव व्होल्टसुद्धा होत नाही.

त्यात दुमजली मॉडेल म्हणजे चढ आलाच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून परतताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ते मुलांना आठवून द्या. बोरघाटाचा चढ 37 ला 1. आपल्या मॉडेलमध्ये खालचा मजला कर्जत, वरचा लोणावळा, मध्ये 40 सेंटिमीटर उंची धरली, तर त्याच चढाने जायला जवळपास 15 मीटर रूळ लागतो! आणि चढताना इंजिन जास्त अँपिअर ओढतं, म्हणजे जिथं वीज सर्वात कमी पोचते तिथंच तिची गरज सर्वात जास्त.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की डोंगराला हात लावायच्या आधी विजेचा आराखडा कागदावर हवा. एका अॅडॅप्टरमधून दोन जाड मुख्य तारा, लाल आणि काळी, प्रत्येक मजल्याखालून न्यायच्या. त्यांतून दर मीटर-दीड मीटरवर बारीक आखूड तारा रुळांना जोडायच्या. रुळांच्या सांध्यांवर भरवसा ठेवायचा नाही, ते सैल होतातच. दोन्ही मजल्यांवर लाल तार एकाच बाजूच्या रुळाला हवी. उलट झाली तर गाडी मजला बदलताना शॉर्ट करते. दिवे आणि सिग्नल यांची वीज वेगळी. प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी. (ती चिठ्ठी मुलं कंटाळून टाळतात. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री रडतात.)

खऱ्या रेल्वेचंही दुखणं हेच होतं. बोरघाटात पूर्वी 1500 व्होल्ट डीसी वीज होती. कमी व्होल्टला अँपिअर जास्त, म्हणून वीजपुरवठ्याची ठाणी जवळजवळ लागायची. आज सोलापूर स्टेशनवर डोक्यावर दिसते ती तार 25 हजार व्होल्ट एसीची. असं का, हे दहावीच्या मुलाला मॉडेलवरून पाच मिनिटांत समजतं.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, सुरक्षितता. अॅडॅप्टरच्या पुढे 230 व्होल्ट मॉडेलखाली कुठंही नको, ही अट पालकांनी स्वतः तपासावी. आणि प्रत्येक मजल्याला वेगळा ब्रेकर ठेवावा, म्हणजे वरच्या मजल्यावर डबा घसरला तरी खालची गाडी चालू राहते. ब्रेकर काम करतो का, हे बघायला रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. लगेच ट्रिप झाला पाहिजे, आणि ही परीक्षा सर्वात दूरच्या टोकाला घ्या. आमच्या त्या बारीक तारेत दूरच्या टोकाला शॉर्ट झाला असता तर 12 भागिले 3.4, म्हणजे साडेतीन अँपिअरच वाहिले असते. 5 अँपिअरचा ब्रेकर हललाच नसता आणि 40 वॅटहून जास्त उष्णता थर्माकोलखालच्या तारेत साठत राहिली असती. हा आकडा फळ्यावर मांडला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. गाडी नुसती थांबली, हे आमचं नशीब.

काही पालक म्हणतील, एवढं मुलांना झेपतं का? आपल्या गावात किती तरी मुलांच्या घरी पॉवरलूम आहेत, कुणाचे वडील वायरमन आहेत. ती मुलं लघुगुणोत्तर चुकतील, पण सैल जोड वासावरून ओळखतात. त्यांना मॉडेल रंगवायला बसवून वायरिंग बाहेरून करून घेणं मला तरी पटत नाही.

सुट्टीत पुण्याला गेलात तर कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं, 1998 साली सुरू झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर दाखवा. मुलं गाड्यांकडे बघतील. त्यांना एवढंच विचारा, इतक्या रुळांना वीज कुठून कुठून दिली असेल?

आणि यंदा तुम्ही परीक्षक असाल, तर टेबलाचं कापड उचला. तारांचा नकाशा मागा. नाणं खिशात असू द्या.