दुधाच्या दातालाही जात असते

'दुधाचा दात आहे, पडणारच आहे, काढून टाकू.' हे वाक्य आपल्या वस्तीतल्या आयांनी किती वेळा ऐकलंय, जरा घरात विचारून बघा. तोच दात दादर-पार्ल्याच्या पोराचा असला तर त्यात सिमेंट भरतात, वर स्टीलची टोपी बसवतात. कीड तीच. एकाचा दात वाचवायचा, दुसऱ्याचा उपटायचा.

दोस्तांनो, विज्ञान काय सांगतं? दुधाचे दात २०. त्यातल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा त्या धरून ठेवतात. पाचव्या वर्षीच उपटल्या की शेजारची दाढ सरकते, पक्का दात वाकडा येतो. सडत ठेवल्या तर पू होतो, गाल सुजतो, पोरगं रात्रभर रडतं, भाकर चावत नाही, शाळा बुडते. मग मास्तर म्हणायला मोकळा, ह्यांची पोरं ढच!

२००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले निघाले. म्हणजे कीड जात बघत नाही. जात बघतो तो इलाज.

२०१३ साली पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. त्यात दातही आले. पण चिठ्ठीनं दात भरत नाही. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात, सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. मानखुर्दची धुणीभांडी करणारी बाई एका दाढेसाठी तीन-चार खेपा घालणार, तेवढे खाडे कोण भरून देणार? म्हणून तीच म्हणते, 'डॉक्टरसाहेब, काढूनच टाका.' आणि आपल्यातलेच शिकलेले तिला अडाणी ठरवतात.

एका इस्पितळात चार वर्षांच्या पोराला चौघांनी दाबून धरलेलं मी पाहिलंय. आठ दात किडलेले. अशा पोराला पूर्ण भूल देऊन सगळं काम एका बैठकीत होतं. त्याला थिएटर, भूलतज्ज्ञ आणि बालविभागात एक खाट लागते. हे सगळं मोठ्या इस्पितळात असतं. पण पोराच्या दातासाठी थिएटर मागितलं की साहेब लोकांना हसू येतं.

पेशवाईत आपल्या थुंकीनं पुण्याचा रस्ता बाटू नये म्हणून गळ्यात मडकं होतं. बाबासाहेबांनी १९३६ साली ते लिहून ठेवलंय. मडकं गेलं. पण आपल्या पोराच्या तोंडात अर्धा तास हात घालून दात वाचवायला व्यवस्थेला अजून वेळ नाही. चिमटा दोन मिनिटांत काम उरकतो.

तेव्हा मागण्या लिहून घ्या. बालविभाग असलेल्या प्रत्येक पालिका इस्पितळात मुलांच्या दातांची खुर्ची. आठवड्यातून एक दिवस थिएटर. कामावरून सुटल्यावर येता येईल अशी संध्याकाळची ओपीडी. वस्तीतल्या दवाखान्यात सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. हे औषध ब्रशनं लावतात, ड्रिल लागत नाही. डाग काळा पडतो पण कीड थांबते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घातलंय.

फुकट शिबिरं आणि टूथपेस्टच्या नळ्या वाटणारे फोटोवाले नकोत. दान नको, दात हवेत. भाकर चावायला, आणि वेळ आली तर चावा घ्यायलाही.